घटक ४ : ‘मळका’ – एका विशेषणाची व्युत्पत्ती आणि व्याकरण

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील.
- ‘मळका’ या विशेषणाची व्युत्पत्ती ध्वनिपरिवर्तनाच्या आधारे सांगणे.
- ‘मळलेला’, ‘मळका’ आणि ‘मळकट’ यांतील व्याकरणिक व अर्थविषयक भेद कसोट्या लावून दाखवणे.
- विकारी आणि अविकारी विशेषणांची ऐतिहासिक कारणमीमांसा करणे.
- मराठी विशेषणाची संस्कृत व लॅटिन विशेषणांशी तुलना करणे.
- वस्तूचे वर्णन करणारे विशेषण माणसाला लागू झाले की काय घडते, याचा विचार करणे.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण नामाची विकाररूपे पाहिली. या घटकात विशेषणाचा अभ्यास करायचा आहे. त्यासाठी ‘सुंदर’, ‘थोर’, ‘उदात्त’ अशी पाठ्यपुस्तकांना प्रिय असलेली विशेषणे न घेता मुद्दाम एक साधे, रोजच्या वापरातले आणि काहीसे उपेक्षित विशेषण निवडले आहे. ते म्हणजे ‘मळका’.

या निवडीला कारण आहे. ‘मळका’ या एका शब्दात मराठीच्या इतिहासाचे अनेक थर सापडतात. त्याच्या सख्ख्या-चुलत नात्यातले ‘मळ’, ‘मलिन’, ‘मैला’, ‘मळकट’ हे शब्द वेगवेगळ्या काळी आणि वेगवेगळ्या वाटांनी मराठीत आले. प्रत्येकाचे व्याकरण वेगळे आहे आणि ते त्याच्या वाटेवरून ठरले आहे. दुसरे कारण अधिक जवळचे आहे. पुणे–अहिल्यानगर महामार्गावरील सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव या पट्ट्यात कारखान्यातली पाळी सांभाळून किंवा शेतीचे काम उरकून अभ्यासाला बसणाऱ्या विद्यार्थ्याला ‘मळलेले कपडे’ आणि ‘मळका माणूस’ यांतला फरक पुस्तकातून शिकावा लागत नाही. तो त्याला अनुभवाने ठाऊक असतो. तो फरक भाषेच्या कोणत्या यंत्रणेतून निर्माण होतो, हे मात्र व्याकरण सांगू शकते. तेच या घटकाचे मुख्य सूत्र आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ ‘मल’ ते ‘मळ’

मूळ शब्द संस्कृत ‘मल’. त्याचा मराठीत ‘मळ’ झाला. हा बदल नियमित आहे. संस्कृतात दोन स्वरांच्या मध्ये येणारा एकेरी ‘ल’ मराठीत ‘ळ’ होतो : फल–फळ, काल–काळ, जाल–जाळे. याउलट प्राकृतात ज्या ठिकाणी जोड ‘ल्ल’ होता, तेथे मराठीत साधा ‘ल’ टिकला आणि आधीचा स्वर दीर्घ झाला : गल्ल–गाल, फुल्ल–फूल.

या नियमाचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे ‘काळ’ आणि ‘काल’ ही जोडी. संस्कृत ‘काल’ (वेळ) या शब्दापासून ‘काळ’ आला. संस्कृत ‘कल्य’चे प्राकृतात ‘कल्ल’ झाले आणि त्यापासून आदल्या दिवसाचा वाचक ‘काल’ आला. आज आपण ‘तो काळ’ आणि ‘काल’ हे दोन शब्द सहज वेगळे उच्चारतो. तो वेगळेपणा मूळच्या एकेरी आणि दुहेरी ‘ल’चा आहे. मराठीच्या जडणघडणीवर फ्रेंचमध्ये ग्रंथ लिहिणारे ज्यूल ब्लॉक यांनी अशा नियमित बदलांच्या आधारेच मराठीचा इतिहास मांडला. त्यांचा तो ग्रंथ १९२० मध्ये प्रकाशित झाला.

‘मल’चे नाते आणखी मागे, ग्रीक ‘मेलास’ म्हणजे काळा या शब्दाशी जोडले जाते. त्वचेला रंग देणाऱ्या ‘मेलॅनिन’ या द्रव्याच्या नावात हाच ग्रीक शब्द आहे. मळ आणि काळेपणा यांची ही सांगड लक्षात ठेवा. लॅटिनचा विचार करताना ती पुन्हा भेटेल.

४.२.२ एका घराण्यातील तीन शब्द : मलिन, मैला, मळका

संस्कृतात ‘मल’ या नामापासून ‘मलिन’ हे विशेषण झाले. पाणिनीने अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायात ‘ज्याच्यापाशी अमुक आहे’ असा अर्थ देणाऱ्या, म्हणजे मत्वर्थीय, प्रत्ययांचे प्रकरण दिले आहे. तेथे ‘मलिन’ आणि ‘मलीमस’ हे शब्द नियमबाह्य परंतु सिद्ध म्हणून नोंदवले आहेत. म्हणजे ‘मलिन’ याचा व्याकरणिक अर्थ ‘ज्याला मळ आहे ते’ असा होतो. ‘धनी’ म्हणजे ज्याच्यापाशी धन आहे तो, त्याच जातीची ही रचना आहे.

हा संस्कृत शब्द मराठीत तीन वाटांनी आला.

पहिली वाट तत्समाची. ‘मलिन’ हा शब्द लेखक-पंडितांनी संस्कृतातून जसाच्या तसा उचलला. म्हणून तो आजही लेखनाच्या भाषेत राहतो. प्रतिमा मलिन होते, चारित्र्य मलिन होते. धुण्याच्या दगडावर मात्र कोणी ‘मलिन चादर’ म्हणत नाही.

दुसरी वाट प्राकृताची. हेमचंद्राने बाराव्या शतकात रचलेल्या व्याकरणाच्या आठव्या अध्यायात ‘मलिन’ या शब्दाला प्राकृतात ‘मइल’ असा आदेश सांगितला आहे. त्याच सूत्रात ‘शुक्ती’चे ‘सिप्पि’ आणि ‘पदाती’चे ‘पाइक्क’ हेही आहेत. त्यांतला ‘पाइक्क’ मराठीत ‘पाईक’ म्हणून नांदतो. ‘मइल’चा ‘मैला’ झाला. हिंदीत तो सर्वसाधारण अर्थाचे विशेषण आहे, ‘मैली चादर’ असे तेथे सहज म्हणतात. मराठीत मात्र ‘मैला’ हे नाम झाले आणि त्याचा अर्थ मानवी विष्ठा एवढाच उरला. नगरपालिकेचे ‘मैलापाणी’ हे त्याचे आजचे ठिकाण. एकाच शब्दाची दोन शेजारी भाषांतील वाटचाल किती भिन्न असू शकते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

तिसरी वाट तद्भवाची आणि ती सर्वांत मराठी आहे. ‘मळ’ या नामापासून ‘मळणे’ हे क्रियापद झाले आणि त्या क्रियापदाला ‘-का’ प्रत्यय लागून ‘मळका’ हे विशेषण सिद्ध झाले. येथे एक सूक्ष्म पण महत्त्वाचा फरक आहे. ‘मलिन’ नामापासून झाला : ज्याला मळ आहे ते. ‘मळका’ क्रियापदापासून झाला : जे मळले आहे ते. पहिला शब्द केवळ अवस्था सांगतो, तर दुसऱ्याच्या मुळाशी एक घटना आहे.

४.२.३ दोन ‘मळणे’

या क्रियापदाविषयी एक सावधगिरी आवश्यक आहे. मराठीत ‘मळणे’ एक नसून दोन आहेत.

सदरा मळतो, भिंत मळते. हे पहिले ‘मळणे’ ‘मळ’पासून आलेले आहे. कणीक मळतात, तंबाखू मळतात, खळ्यावर ज्वारी-बाजरीची मळणी होते. हे दुसरे ‘मळणे’ संस्कृत ‘मृद्’ (रगडणे, तुडवणे) या धातूचे आहे. हेमचंद्राने या धातूला प्राकृतात जे आदेश दिले आहेत त्यांत ‘मल’ आहे. ‘मळलेली वाट’ ही पायांखाली तुडवली गेलेली वाट आहे. तिच्यावर घाण आहे असा त्याचा अर्थ नाही. मळलेला सदरा आणि मळलेली वाट यांतले ‘मळलेला’ दिसायला एक आणि मुळात दोन आहेत.

केवळ उच्चारसाम्यावरून व्युत्पत्ती ठरवू नये, हा भाषाशास्त्राचा पहिला धडा येथे मिळतो. परंतु मग दोघांना ओळखायचे कसे? व्याकरणाने. पहिले ‘मळणे’ अकर्मक आहे : ‘सदरा मळला.’ त्याला कर्म द्यायचे तर प्रयोजक रूप करावे लागते : ‘मुलाने सदरा मळवला.’ दुसरे ‘मळणे’ सकर्मक आहे : ‘तिने कणीक मळली.’

आणखी एक कसोटी पाहा. ‘मळलेली कणीक’ म्हटले तर आपण तिंबलेली कणीक समजतो. ‘मळकी कणीक’ म्हटले तर मात्र ती खराब, काळपट कणीक असाच अर्थ होतो. याचा अर्थ, ‘-का’ प्रत्यय दुसऱ्या ‘मळणे’ला लागत नाही. तो आपोआप घडणाऱ्या क्रियांच्या धातूंना लागतो : फाटणे–फाटका, तुटणे–तुटका, फुटणे–फुटका, गळणे–गळका, रडणे–रडका, चिडणे–चिडका.

४.२.४ मळलेला, मळका, मळकट

आता या घटकाच्या गाभ्याकडे येऊ. पुढील तीन वाक्ये वाचा.

(१) त्याचा सदरा मळलेला आहे.
(२) त्याचा सदरा मळका आहे.
(३) त्याचा सदरा मळकट आहे.

वरवर पाहता तिन्ही वाक्ये एकच गोष्ट सांगतात. परंतु त्यांच्यावर काही कसोट्या लावून पाहा. (भाषाशास्त्रात अस्वीकार्य रचनेपूर्वी तारा काढतात. ती खूण येथे वापरली आहे.)

काळाची कसोटी : ‘काल मळलेला सदरा’ ही रचना स्वाभाविक आहे. ‘*काल मळका सदरा’ म्हणता येत नाही.

कारणाची कसोटी : ‘ऑईलने मळलेला सदरा’, ‘शेतातल्या चिखलाने मळलेले धोतर’ या रचना चालतात. ‘*ऑईलने मळका सदरा’ चालत नाही.

धुण्याची कसोटी : ‘मळलेला’ सदरा धुतला की ते विशेषण संपते. ‘मळकट’ सदरा धुऊनही मळकट राहू शकतो, कारण ‘-कट’ हा प्रत्यय सारखेपणा किंवा छटा दाखवतो : तेलकट, धुरकट, मातकट, पोरकट. दुकानातून आणलेले कोरे कापडही ‘मळकट पांढऱ्या’ रंगाचे असू शकते.

या कसोट्यांवरून काय दिसते? ‘मळलेला’ हे धातुसाधित विशेषण अजून क्रियापदाशी जोडलेले आहे. त्यामुळे ते काळ आणि कारण बरोबर बाळगू शकते. केव्हा मळला, कशाने मळला, हे प्रश्न त्याला विचारता येतात. ‘मळका’मध्ये ती घटना विरून गेली आहे आणि गुणधर्म उरला आहे. ‘फाटलेला’ आणि ‘फाटका’, ‘गळलेला’ आणि ‘गळका’ यांतही हाच फरक आहे. ‘रडलेले मूल’ आज एकदा रडले असेल, पण ‘रडके मूल’ म्हटले की ते त्याच्या स्वभावाचे वर्णन होते. ‘मळकट’मध्ये घटनेचा मागमूसही नाही, फक्त छटा आहे.

थोडक्यात, ‘-लेला’ घटना सांगतो, ‘-का’ त्या घटनेचा गुण बनवतो आणि ‘-कट’ त्या गुणाची केवळ छटा दाखवतो. कारण सांगण्याची शक्ती या क्रमाने कमी होत जाते.

> स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
> (अ) ‘मळलेली वाट’ यातील ‘मळणे’ कोणत्या धातूपासून आले आहे?
> (आ) ‘काल फुटका कप’ ही रचना अस्वाभाविक का वाटते?
> (इ) ‘काळ’ आणि ‘काल’ यांच्या मूळ रूपांतील फरक सांगा.

४.२.५ लिंग, वचन आणि सामान्यरूप

‘मळका’ हे विकारी विशेषण आहे. विशेष्याचे लिंग आणि वचन यांनुसार ते बदलते.

| | एकवचन | अनेकवचन |
|---|---|---|
| पुल्लिंग | मळका सदरा | मळके सदरे |
| स्त्रीलिंग | मळकी चादर | मळक्या चादरी |
| नपुंसकलिंग | मळके फडके | मळकी फडकी |

विशेष्याला विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागले की हे सगळे भेद मावळतात आणि एकच सामान्यरूप उरते : मळक्या सदऱ्याला, मळक्या चादरीवर, मळक्या फडक्यांनी. विशेषणाचा जुळवून घेण्याचा संबंध नामाच्या लिंगाशी असतो, त्याच्या शेवटच्या अक्षराशी नसतो. म्हणूनच ‘मळका हात’, ‘मळकी भिंत’ आणि ‘मळके घर’ या रचनांमध्ये शेवट जुळत नसले तरी व्याकरण जुळते.

याउलट ‘मलिन’ आणि ‘मळकट’ ही अविकारी विशेषणे आहेत : मळकट सदरा, मळकट चादरी, मळकट फडक्याने. येथे काहीच बदलत नाही. नियम सोपा वाटतो : आकारान्त विशेषण बदलते, इतर बदलत नाही. पण हा ‘आ’ आला कुठून?

त्याचे उत्तर प्राकृतात आहे. शब्दाच्या शेवटी अर्थात फरक न करणारा ‘क’ जोडण्याची प्रवृत्ती संस्कृत-प्राकृतात वाढत गेली. दोन स्वरांमधला एकेरी ‘क’ प्राकृतात लोप पावतो. त्यामुळे ‘घोटक’चे ‘घोडअ’ आणि त्याचे ‘घोडा’ झाले. ‘कालक’पासून ‘काळा’, ‘नवक’पासून ‘नवा’ ही विशेषणे त्याच मार्गाने आली. लोप पावलेल्या ‘क’च्या जागी उरलेला स्वर म्हणजे आपला हा ‘आ’. लिंग-वचनाचे विकार तोच अंगावर घेतो. ‘मळका’मधला ‘क’ टिकला, कारण तो प्रत्यय प्राकृतात दुहेरी, म्हणजे ‘-क्क-’ असा होता. त्याच्या पुढचा ‘आ’ मात्र याच जातीचा आहे.

म्हणजे विशेषणाचे विकारी असणे ही बहुधा त्याच्या वयाची खूण आहे. शतकानुशतके लोकांच्या तोंडी वावरलेला शब्द विकारी झाला. ग्रंथातून थेट घेतलेला ‘मलिन’ अविकारी राहिला. अपवाद आहेतच. कारखान्यात रोज ऐकू येणारा ‘जादा’ हा शब्द आकारान्त असूनही बदलत नाही : जादा वेळ, जादा पाळी, जादा काम. तो अरबी-फारसीतून तयार रूपात आला आणि तसाच राहिला.

तुलनेसाठी मराठी विशेषणाला स्वतःचे प्रत्यय नाहीत. संस्कृतात ‘मलिनतर’, ‘मलिनतम’ होते. मराठी ‘त्याहून मळका’, ‘सर्वांत मळका’ असे शब्द जोडून काम भागवते.

४.२.६ लॅटिन ‘सोर्दिदुस’शी तुलना

संस्कृतची दूरची बहीण असलेल्या लॅटिन भाषेत ‘मळका’ या अर्थी ‘सोर्दिदुस’ हे विशेषण आहे. त्याचा अभ्यास आपल्या विषयावर तीन बाजूंनी प्रकाश टाकतो.

पहिली बाजू विकारांची. लॅटिनमध्येही तीन लिंगे आहेत : पुल्लिंगी ‘सोर्दिदुस’, स्त्रीलिंगी ‘सोर्दिदा’, नपुंसकलिंगी ‘सोर्दिदुम’. संस्कृतच्या ‘मलिनः, मलिना, मलिनम्’ या रूपांशी त्यांचे साम्य लगेच डोळ्यांत भरते. लॅटिन विशेषण लिंग-वचनाबरोबर विभक्तीही धारण करते. ‘वेस्तिस’ म्हणजे वस्त्र हे नाम स्त्रीलिंगी असल्याने ‘मळके वस्त्र’ म्हणजे ‘वेस्तिस सोर्दिदा’ आणि ‘मळक्या वस्त्राचे’ म्हणजे ‘वेस्तिस सोर्दिदाए’. संस्कृत आणि लॅटिन यांचा हा सगळा विभक्तिसंभार मराठीत दोन रूपांवर आला : सरळरूप आणि सामान्यरूप.

दुसरी बाजू घडणीची. लॅटिनमध्ये ‘सोर्देरे’ (मळलेले असणे) हे क्रियापद आहे. अशा अवस्थावाचक क्रियापदांच्या जोडीला ‘-इदुस’ प्रत्ययान्त विशेषणे असतात. ‘तिमेरे’ म्हणजे भिणे आणि ‘तिमिदुस’ म्हणजे भित्रा, ‘पाल्लेरे’ म्हणजे फिके असणे आणि ‘पाल्लिदुस’ म्हणजे फिका. मराठीच्या ‘मळणे–मळका’, ‘रडणे–रडका’ या जोड्यांशी ही रचना किती जुळते पाहा. दोन्ही भाषांनी एकच युक्ती केली : अवस्थेच्या क्रियापदाजवळ स्थायी गुणाचे विशेषण उभे केले. मुळाकडे गेल्यास ‘सोर्देस’ (मळ) या लॅटिन नामाचे नाते जर्मन ‘श्वार्त्स’ म्हणजे काळा या शब्दाशी लागते. ‘मल’ आणि ‘मेलास’ यांच्यातली सांगड येथे वेगळ्या धातूतून पुन्हा दिसते.

तिसरी बाजू अर्थाची आणि ती सर्वांत विचार करण्यासारखी आहे. ‘सोर्दिदुस’ हा शब्द कपड्यांवरून माणसांवर आणि माणसांवरून त्यांच्या कामावर गेला. रोमन वक्ता किकेरो (सिसेरो) याने इ. स. पू. ४४ मध्ये कर्तव्यांविषयी लिहिलेल्या ग्रंथात कोणते व्यवसाय स्वतंत्र माणसाला शोभतात आणि कोणते ‘सोर्दिदुस’ आहेत याची यादी केली आहे. कौशल्यासाठी नव्हे तर केवळ श्रमासाठी मजुरी घेणाऱ्यांची कमाई त्याने या दुसऱ्या यादीत घातली. त्याच्या मते मजुरी हीच गुलामीची खूण होती. म्हणजे श्रमाने कपडे मळतात ही घटना, आणि श्रम करणारा हलका हा निवाडा, यांमधले अंतर एका विशेषणाने नाहीसे केले. इंग्रजीत पोचलेल्या ‘सॉर्डिड’ या शब्दात आज नैतिक हीनतेचा अर्थच प्रधान आहे.

४.२.७ घाण, घाणेरडा, गलिच्छ

मराठीतही मळाचे वर्णन करणारा शब्द केवळ ‘मळका’ नाही. इतर शब्दांची थोडक्यात ओळख करून घेऊ.

‘घाण’ हा शब्द संस्कृत ‘घ्राण’पासून आला. ‘घ्राण’ म्हणजे वास किंवा वास घेणारे इंद्रिय. त्यात चांगले-वाईट काही नव्हते. ‘ग्राम’चे ‘गाव’ होताना जसा ‘र’ गळाला तसाच येथेही गळाला. अर्थ मात्र टप्प्याटप्प्याने संकुचित झाला : वास, मग दुर्गंध, मग दुर्गंध येणारा पदार्थ आणि शेवटी कोणतीही अस्वच्छता. रस्त्याकडेला रंगीबेरंगी फुलांचे गुच्छ मिरवणाऱ्या झुडपाला आपण ‘घाणेरी’ म्हणतो. फुले दिसायला स्वच्छ असतात, नाव उग्र वासावरून पडले आहे. शब्दाचा मधला अर्थ त्या नावात टिकून राहिला आहे.

‘घाण’ हे मुळात स्त्रीलिंगी नाम आहे : ‘नाल्यात घाण साचली.’ पण ते विशेषण म्हणूनही चालते : ‘पाणी घाण झाले.’ पहिल्या वाक्यात क्रियापद ‘घाण’शी जुळते, दुसऱ्यात ‘पाणी’शी. नाम असताना ‘घाणीत’ असे सामान्यरूप होते, विशेषण असताना ‘घाण पाण्यात’ असे ते अविकृत राहते. त्यापासून झालेला ‘घाणेरडा’ मात्र पूर्ण विकारी आहे : घाणेरडा, घाणेरडी, घाणेरडे, घाणेरड्या. ‘घाणेरडे बोलणे’, ‘घाणेरडा विचार’ या प्रयोगांत मळ कोठेच नाही. उरतो तो तिटकारा.

‘गलिच्छ’ हा शब्द दिसायला संस्कृत वाटतो. शेवटचा ‘च्छ’ तर ‘स्वच्छ’ची आठवण करून देतो. परंतु त्याचे नाते अरबी-फारसी ‘गलीज’शी जोडले जाते. अरबीत मूळ अर्थ जाड, दाट, खरखरीत असा आहे. रूपावरून मूळ ठरवू नये, हा धडा येथे दुसऱ्यांदा मिळतो.

‘अस्वच्छ’ आणि ‘अशुद्ध’ या शब्दांची घडण निषेधाची आहे : जे स्वच्छ नाही ते. लॅटिनमध्ये ‘मुन्दुस’ म्हणजे स्वच्छ आणि ‘इम्मुन्दुस’ म्हणजे अस्वच्छ, ही तशीच जोडी. असे शब्द मळाचे वर्णन करत नाहीत. ते एक मानदंड गृहीत धरतात आणि त्यापासूनचे अंतर मोजतात.

> स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
> (अ) ‘कोपऱ्यात घाण होती’ आणि ‘कोपरा घाण होता’ या वाक्यांत ‘घाण’ या शब्दाची जात ओळखा.
> (आ) ‘जादा’ हे विशेषण कोणत्या नियमाला अपवाद आहे?
> (इ) ‘तिमिदुस’ आणि ‘रडका’ यांच्या घडणीत कोणते साम्य आहे?

४.२.८ वस्तूकडून माणसाकडे

आता सुरुवातीच्या सूत्राकडे वळू. मळाचे शब्द जेव्हा माणसाला लावले जातात तेव्हा व्याकरणातला घटना आणि गुण यांचा भेद सामाजिक होतो.

‘विटाळ’ हा शब्द घ्या. हेमचंद्राने अपभ्रंशातील ‘विट्टाल’ या शब्दाचा अर्थ ‘अस्पृश्यांचा संसर्ग’ असा नोंदवला आहे. बाराव्या शतकातल्या व्याकरणकाराने कोणताही भाव न दाखवता, इतर शब्दांच्या रांगेत, हा अर्थ लिहून ठेवला. येथे मळ दिसत नाही, त्याचा वास येत नाही आणि तो धुताही येत नाही. माणसाचा जन्म हाच मळ मानलेला आहे. ‘मळलेला’ या शब्दाला विचारता येणारे ‘केव्हा’ आणि ‘कशाने’ हे प्रश्न येथे विचारताच येत नाहीत. संत चोखामेळा आणि सोयराबाई यांनी चौदाव्या शतकात आपल्या अभंगांतून नेमके हेच प्रश्न विचारले. विटाळ कोणाला नाही, देह त्यावाचून जन्मतो कसा, असा सोयराबाईंचा युक्तिवाद आहे. एका शब्दाच्या अर्थाचीच ही उलटतपासणी होती. भारतीय संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. शब्दकोशातून असे शब्द काढून टाकता येत नाहीत, पण ते काय करतात हे ओळखता येते.

दुसरे उदाहरण ‘गलिच्छ वस्ती’. शासकीय आणि वृत्तपत्रीय मराठीत हा शब्दप्रयोग रुळला. ‘सांडपाण्याची सोय नसलेली वस्ती’ म्हटले तर प्रश्न सोयीविषयी, म्हणजे कारणाविषयी, उपस्थित होतो. ‘गलिच्छ वस्ती’ म्हटले की तो वस्तीचा आणि हळूहळू तिथल्या रहिवाशांचा गुण वाटू लागतो. कारण सांगणारी जागाच विशेषणात राहत नाही.

तिसरे उदाहरण तुमच्या-आमच्या अभ्यासाशी थेट संबंधित आहे. ‘शुद्ध भाषा’ आणि ‘अशुद्ध भाषा’ हे शब्द मुळात स्वच्छतेचे रूपक आहेत. ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणणारा विद्यार्थी आपल्या बोलीच्या नियमानुसार अचूक बोलत असतो. त्याच्या बोलीत ‘ण’ आणि ‘न’ यांचा भेद नसतो, एवढेच. प्रमाण मराठी लिहिताना त्याने प्रमाण रूप वापरावे, ही अपेक्षा रास्त आहे आणि परीक्षेत तुमच्याकडूनही ती केली जाईल. त्यासाठी १९६२ चे मराठी लेखनविषयक नियम आहेत. ते नियम लेखनात एकसारखेपणा आणतात. बोलीला मळ समजून ती धुऊन काढणे, हे त्यांचे काम नव्हे. म्हणून भाषाशास्त्र ‘शुद्ध–अशुद्ध’ ऐवजी ‘प्रमाणरूप’ आणि ‘बोलीरूप’ असे शब्द वापरते. या शब्दांत रूपांचे वर्णन आहे, माणसाचा निवाडा नाही.

विशेषण वापरताना व्याकरणाच्या अभ्यासकाने स्वतःला एक साधा प्रश्न विचारावा : या ठिकाणी ‘-लेला’ लावून बोलता येईल काय? ‘मळका कामगार’ ऐवजी ‘कामाने कपडे मळलेला कामगार’ असे म्हटले की वाक्य लांबते, पण कारणासह खरे होते.

४.३ सारांश

‘मळका’ हे विशेषण ‘मल–मळ–मळणे’ या क्रमाने सिद्ध झालेले तद्भव विशेषण आहे. त्याच मूळ शब्दाच्या घराण्यात तत्सम ‘मलिन’ आणि प्राकृतातून आलेला ‘मैला’ आहेत. ‘तिंबणे, रगडणे’ या अर्थाचे ‘मळणे’ वेगळ्या धातूचे आहे. ‘-लेला’ घटना, ‘-का’ स्थायी गुण आणि ‘-कट’ छटा दाखवतो. आकारान्त विशेषणांचे विकारी असणे प्राकृतातील ‘क’च्या लोपाशी निगडित आहे. लॅटिन ‘सोर्दिदुस’ची घडण आणि अर्थांतर मराठीशी समांतर आहे. मळाचे विशेषण माणसाला लागले की घटना नाहीशी होऊन निवाडा उरतो, हे ‘सोर्दिदुस’, ‘विटाळ’, ‘गलिच्छ वस्ती’ आणि ‘अशुद्ध भाषा’ या उदाहरणांवरून दिसते.

४.४ पारिभाषिक शब्द

तत्सम : संस्कृतातून न बदलता आलेला शब्द.
तद्भव : प्राकृतातून ध्वनिबदल होत आलेला शब्द.
धातुसाधित : धातूला प्रत्यय लागून सिद्ध झालेला शब्द.
सामान्यरूप : प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागण्यापूर्वी शब्दाचे होणारे रूप.
मत्वर्थीय प्रत्यय : ‘ज्याच्यापाशी ते आहे’ असा अर्थ देणारा प्रत्यय.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) ‘मृद्’ (तुडवणे, रगडणे) या धातूपासून. (आ) ‘-का’ प्रत्ययान्त विशेषण स्थायी गुण दाखवते. ते काळवाचक क्रियाविशेषण स्वीकारत नाही. (इ) ‘काळ’च्या मुळाशी एकेरी ‘ल’ (काल), तर ‘काल’च्या मुळाशी प्राकृतातील दुहेरी ‘ल्ल’ (कल्ल) आहे.

प्रश्न २ : (अ) पहिल्यात नाम, दुसऱ्यात विशेषण. (आ) आकारान्त विशेषण विकारी असते या नियमाला. (इ) दोन्ही शब्द क्रियापदाशी निगडित असून घटनेऐवजी स्थायी गुण दाखवतात.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘मळलेला’ आणि ‘मळका’ यांतील भेद कसोट्यांच्या आधारे स्पष्ट करा. (सुमारे ३०० शब्द)
२. ‘विशेषणाचे विकारी असणे ही बहुधा त्याच्या वयाची खूण आहे.’ सोदाहरण चर्चा करा.
३. क्षेत्रीय कार्य : तुमच्या घरात, शेतात किंवा कामाच्या ठिकाणी अस्वच्छता दाखवणारी किमान दहा विशेषणे एका आठवड्यात टिपा. प्रत्येक विशेषण विकारी की अविकारी, ते वस्तूला लावले की माणसाला, आणि त्याऐवजी ‘-लेला’चे रूप वापरता आले असते काय, याचा तक्ता करा. बोलणाऱ्यांची नावे लिहू नका, त्यांचे शब्द मात्र ऐकले तसेच लिहा, दुरुस्त करू नका.